बाळंतपणाची रजा आणि हक्काचे पैसे: या चुका टाळा

पगारपत्रकाच्या टेबलावर बसून मला बारा वर्षं झाली. पेढे घेऊन येणाऱ्या बाया पाहिल्या, तशा सहा महिन्यांचं पोर कडेवर घेऊन "ताई, माझे पैसे कुठे अडलेत हो?" असं विचारायला आलेल्याही पाहिल्या. अशा बाईची फाइल उघडली की बहुतेक वेळा एकच गोष्ट सापडते. कुठलीतरी तारीख चुकलेली असते, नाहीतर तारीख बरोबर असते पण कागदावर आलेली नसते. कायद्याने पैसे नाकारलेत असं क्वचितच दिसतं.

आधी एक खुलासा. 21 नोव्हेंबर 2025 पासून 1961 च्या मातृत्व लाभ कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 ने घेतली आहे. "तो कायदा गेला, आता तसं काही मिळत नाही," असं कुणी ऐकवलं तर मान डोलवू नका. दोनपेक्षा कमी मुलं हयात असतील तर 26 आठवडे, त्यातले बाळंतपणाआधी जास्तीत जास्त 8, ही 2017 ची दुरुस्ती संहितेत तशीच आहे. दोन किंवा जास्त मुलं असतील तर 12 आठवडे. तिसऱ्या वेळी काहीच मिळत नाही, हा समज चुकीचा आहे.

पैसे कोण देणार, हेच न ठरवणं

ही पहिली चूक. बाकीच्या निम्म्या चुका हिच्या पोटातून निघतात. वाटा तीन आहेत. पगारातून ईएसआय कापला जात असेल, म्हणजे पगार 21,000 रुपयांपर्यंत असेल, तर पैसे कर्मचारी राज्य विमा महामंडळ देतं. पगार त्याच्या वर असेल आणि आस्थापनेत दहा किंवा अधिक माणसं असतील, तर मालक देतो. दोन्हींत बसत नसाल, म्हणजे घरकाम, शेतमजुरी, चार माणसांचं दुकान असं काम असेल, तर प्रधानमंत्री मातृ वंदना योजना.

एकाच बाळंतपणासाठी दोन ठिकाणी अर्ज टाकून ठेवला की काहीतरी पदरात पडेल, असं होत नाही. कायद्याने भरपगारी लाभ मिळत असेल तर मातृ वंदना योजना लागू नाही. केंद्र-राज्य सरकारच्या आणि सार्वजनिक उपक्रमांच्या नियमित कर्मचाऱ्यांनाही नाही.

"अजून वर्ष भरलं नाही"

हे वाक्य मी मोठमोठ्या पदावरच्या माणसांच्या तोंडून ऐकलंय. वर्ष भरायची अट नाहीच. अट आहे ती अपेक्षित प्रसूतीच्या तारखेआधीच्या 12 महिन्यांत 80 दिवस काम केलेलं असण्याची. पगारी सुट्ट्या यात धरल्या जातात, बिनपगारी रजा धरली जात नाही.

आता गोची कुठे होते ते पाहा. समजा डॉक्टरांनी 20 सप्टेंबर ही तारीख दिलीय आणि बाई 1 मे रोजी कामाला लागली. मे, जून, जुलै हे तीन महिने नीट भरले की 80 दिवस होऊन जातात. पण मे महिन्यात उलट्यांनी हैराण होऊन वीस दिवस बिनपगारी घरी राहिली, तर जुलैअखेर आकडा सत्तरच्या आसपास घुटमळतो, आणि त्याच सुमाराला तिला रजेवर जायचं असतं. दहा दिवस आणखी काम केलं असतं तर सहा महिन्यांचे पैसे मिळाले असते. म्हणून नवी नोकरी असेल तर हजेरीपट स्वतः मोजा. मोबाइलवर फोटो काढून ठेवला तरी चालतो.

कंत्राटी किंवा रोजंदारीवर आहोत म्हणून गप्प बसू नका. रोजंदारीवरच्या महिलांनाही हा लाभ आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महापालिकेच्या मस्टरवरच्या कामगार महिलांच्या प्रकरणात 2000 सालीच सांगितलं. कंत्राटाची मुदत रजेच्या मध्येच संपत असली तरी लाभ तिथे तुटत नाही, हेही याच न्यायालयाने 2023 मध्ये स्पष्ट केलं.

रविवार वजा करणं

आठवडा सात दिवसांचा. 26 आठवडे म्हणजे 182 दिवस, आणि पैसे 182 दिवसांचे. रविवार वगळून 156 दिवसांचे पैसे देणारे महाभाग अजून आहेत. वास्तविक 1977 सालीच सर्वोच्च न्यायालयाने या हिशेबात रविवारही धरायचा असं सांगून ठेवलंय. रोज 900 रुपये मिळवणाऱ्या बाईचे या एका वजाबाकीत 26 गुणिले 900, म्हणजे 23,400 रुपये जातात. रोजाचा दर ठरतो रजेवर जाण्याआधीच्या तीन कॅलेंडर महिन्यांच्या सरासरीवर, त्यामुळे त्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा हाताशी ठेवा. ओव्हरटाइम त्यात धरत नाहीत; त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

पगारवाढ झाली आणि ईएसआय बंद केला

ही चूक बाईची नसते, आमच्या टेबलावरची असते. तरी निस्तरायची तिलाच लागते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

ईएसआयच्या वर्गणीचे दोन कालावधी असतात: एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. पहिल्याच्या जोरावर पुढच्या जानेवारी ते जूनमधला लाभ मिळतो, दुसऱ्याच्या जोरावर जुलै ते डिसेंबरमधला. समजा पगार 20,500 होता आणि जुलैत वाढून 22,500 झाला. मर्यादा ओलांडली म्हणून कारकून जुलैपासूनच कपात थांबवतो. नियम असा आहे की मध्येच मर्यादा ओलांडली तरी चालू कालावधी संपेपर्यंत, म्हणजे इथे 30 सप्टेंबरपर्यंत, वर्गणी भरायचीच. आणि बाळंतपणाच्या लाभासाठी लगेच मागच्या दोन वर्गणी-कालावधींत मिळून किमान 70 दिवसांची वर्गणी भरलेली लागते. कपात दोन-तीन महिने आधी तुटली तर नव्याने लागलेल्या बाईचे हे 70 दिवस भरत नाहीत, आणि फेब्रुवारीत बाळंतपण झालं की ईएसआयचं शाखा कार्यालय म्हणतं, दिवस कमी आहेत.

उपाय: बाळाची चाहूल लागल्या महिन्यातच स्लिपवर 0.75 टक्के कपात दिसतेय ना ते बघा, आणि ईएसआयच्या पोर्टलवर आपल्या विमा क्रमांकाखाली ती खरोखर जमा झाली का तेही बघा. स्लिपवर कापलेली आणि पोर्टलवर न पोचलेली वर्गणी मी याच डोळ्यांनी पाहिली आहे. आणि ईएसआयकडून खरोखरच पात्रता बसत नसेल, तर जबाबदारी मालकावर येते. दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवून बाईला मध्ये लटकवायचं, याला कायद्यात जागा नाही.

ईएसआयवाल्यांची आणखी एक फसगत होते ती चांगुलपणातून. मालक दयाळू असतो, म्हणतो, "घरी बसूनच थोडं काम कर, अर्धा पगार चालू ठेवतो." हजेरीत ती हजर लागते. पुढे ईएसआय कार्यालय कंपनीकडून विचारून घेतं की ही बाई या काळात खरंच कामावर नव्हती ना. हजेरी लागलेली दिसली की तितक्या दिवसांचा लाभ कापला जातो. ईएसआय नसलेल्यांनीही हे लक्षात ठेवावं. रजेच्या काळात दुसरीकडे काम केलं तर लाभ जप्त होऊ शकतो, आणि बाळंतपणानंतरचे सहा आठवडे तर मालकाने कामाला लावायचंच नाही. "फक्त एक मेल बघून दे" हेही कामच.

पोच न घेणं

साहेबांना तोंडी सांगितलं, त्यांनी अभिनंदन केलं, विषय संपला. चार महिन्यांनी साहेब बदलतात. मग सगळं नव्याने.

सूचना लेखी द्यायची असते. त्यात रजा कधीपासून, त्या काळात दुसरीकडे काम करणार नाही, आणि पैसे मला किंवा माझ्या अमुक वारसदाराला द्यावेत, एवढं असलं की पुरे. सोबत डॉक्टरांनी दिलेल्या अपेक्षित तारखेचा कागद. ईमेल केला तर उत्तम, कागद दिला तर दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का घ्या. बाळंतपणाआधीच्या दिवसांचे पैसे आगाऊ मिळायला हवेत, आणि उरलेले बाळंतपणाचा पुरावा दिल्यापासून 48 तासांच्या आत. आधी सूचना द्यायची राहिली असेल, अवेळी कळा आल्या असतील, तर नंतर द्या. राहिली म्हणून हक्क बुडत नाही.

"डॉक्टरांनी आराम सांगितलाय" एवढ्याच चिठ्ठीवर भागवू नका. गर्भारपणामुळे किंवा बाळंतपणामुळे आजार उद्भवला असेल, बाळ अपुऱ्या दिवसांचं जन्मलं असेल, तर 26 आठवड्यांव्यतिरिक्त जास्तीत जास्त एक महिना पगारी रजा आहे. पण चिठ्ठीत आजाराचं नाव आणि तो गर्भारपणाशी जोडलेला आहे हे लिहिलेलं हवं. नुसत्या "आराम" शब्दावर आम्ही ती साध्या आजारपणाच्या रजेत टाकतो आणि शिल्लक रजा संपते.

गर्भपात झाला तर सहा आठवड्यांची पगारी रजा आहे. तीन दिवसांची किरकोळ रजा टाकून कामावर परतलेल्या बाया पाहिल्या की वाईट वाटतं. त्या वेळी कुणी कागद मागायला जात नाही, हे कळतं. घरातल्या दुसऱ्या कुणीतरी डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणून द्यावं.

राजीनामा

"आत्ता राजीनामा दे, बाळ मोठं झालं की परत घेऊ." सही करू नका. एवढं एकच वाक्य पुरेसं आहे, पण लोक विचारतात म्हणून सांगते: या रजेच्या काळात किंवा तिच्या कारणाने कामावरून काढणं बेकायदा आहे. काढलंच तर आदेश हातात पडल्यापासून 60 दिवसांत कामगार खात्याकडे दाद मागता येते. स्वतःहून दिलेल्या राजीनाम्याविरुद्ध मात्र सगळं बळ तुमचं तुम्हालाच लावावं लागतं.

आधारवर माहेरचं नाव, पासबुकात सासरचं

मातृ वंदना योजनेतल्या बहुतेक अडचणी इथे येऊन थांबतात. आपल्याकडे लग्नानंतर आडनावच नाही, मधलं नावही बदलतं. आधार कार्ड वडिलांच्या नावाने, बँकेचं खातं नवऱ्याच्या नावाने, दवाखान्याच्या माता-बाल संरक्षण कार्डावर तिसरंच काहीतरी. संगणकाला या तीन बाया वाटतात.

पैसे थेट आधारशी जोडलेल्या, तिच्या स्वतःच्या खात्यात येतात. नवऱ्याचं खातं चालत नाही. आणि "आधार लिंक आहे" एवढ्यावर समाधान मानू नका. बँकेत जाऊन विचारा की सरकारी अनुदान येण्यासाठी आधार याच खात्याला जोडलेलं आहे का. कधीतरी मोबाइलवरून दुसऱ्याच बँकेचं खातं उघडलेलं असतं आणि पैसे तिकडे जाऊन बसतात. "आलेच नाहीत" म्हणून अंगणवाडीत भांडायला गेलेल्या एका ओळखीच्या मुलीचे 3,000 रुपये असेच विसरलेल्या खात्यात सापडले.

पहिल्या बाळासाठी 5,000 रुपये दोन हप्त्यांत मिळतात. गर्भारपणाची नोंद आणि एक तपासणी झाल्यावर 3,000, जन्मनोंदणी आणि बाळाच्या लसींची पहिली फेरी झाल्यावर 2,000. दुसरं बाळ मुलगी असेल तर 6,000 रुपये एकरकमी. मुदत पहिल्या बाळासाठी शेवटच्या पाळीच्या तारखेपासून 570 दिवस आणि दुसरं बाळ मुलगी असेल तर तिच्या जन्मापासून 270 दिवस. पाळीची तारीख अंदाजाने सांगू नका, कार्डावर आहे तीच अर्जात लिहा. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असल्याचा दाखला, किंवा ई-श्रम कार्ड, किंवा दारिद्र्यरेषेखालचं रेशनकार्ड, असं काहीतरी एक लागतं. उत्पन्नाचा दाखला काढायला वेळ जातो, तो सातव्या महिन्यात काढत बसू नका.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. त्यात कार्ड सासरी राहतं आणि लस माहेरच्या गावी टोचली जाते. दुसरा हप्ता अडतो तो याच कारणाने: लस दिलेली असते, नोंद कुठेच नसते. माहेरी जाताना पिशवीत आधी ते कार्ड ठेवा, आणि तिथल्या आशाताईंकडून त्यावर नोंद करून घ्या.

बाबांचं काय?

खासगी नोकरीत वडिलांना कायद्याने रजा नाही, कंपनीच्या नियमात असेल तेवढीच. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला 15 दिवस मिळतात, पण बाळाच्या जन्मापासून सहा महिन्यांच्या आत घेतली तरच. "नंतर बारशाला घेऊ" करत ती वाया घालवणारे महाशय दर वर्षी भेटतात.

कामावर परतताना

बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा दूध पाजण्यासाठी सुट्टी आहे, जेवणाच्या सुट्टीव्यतिरिक्त. 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघर, आणि दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभा. मालकाने तपासण्यांची मोफत सोय केली नसेल तर 3,500 रुपये वैद्यकीय बोनसही मिळतो. तो कुणी मागतच नाही, त्यामुळे आम्हीही देत नाही. रजेच्या अर्जात एक ओळ वाढवली तर पुढच्या पगारात तो लावावाच लागतो.