केळीचं वजन मायनसमध्ये गेलं तेव्हा: टाइमस्टॅम्प (नोंदीवरच्या वेळा) नीट कसे सांभाळायचे

रावेरकडच्या एका काट्याचं सॉफ्टवेअर मी बघतो. गाडी आधी रिकामी तोलतात, केळी भरून आली की शेजारच्या काट्यावर परत तोलतात, दोन्हीकडं वेगळा पीसी. एक दिवस फोन, "काय भो, केळीचं वजन मायनसमध्ये दाखवतंय तुझं सॉफ्टवेअर!" झालेलं असं की मी नंतरच्या वेळेच्या वजनातून आधीच्या वेळेचं वजा करत होतो आणि दुसऱ्या पीसीचं घड्याळ चाळीस मिनिटं मागं, म्हणजे हिशोबात भरलेली गाडी रिकामीच्या आधी आली. मदरबोर्डवरचा २०३२ नंबरचा सेल उतरला होता, बाकी काही नाही.

तर पहिली गोष्ट, दोन मशीनच्या वेळा लावून आधी कोण नंतर कोण हे ठरवायचंच नाही. रिकामी की भरलेली हे सरळ वेगळ्या कॉलममध्ये ठेवा, दोन्ही नोंदी पावती नंबरनं जोडा. सगळ्या पीसींवर एनटीपी (नेटवरून घड्याळ जुळवणारी सोय) चालू ठेवा, पण त्याच्यावर विसंबू नका, नेट गेलं की तेही गेलं. मी आता प्रत्येक नोंदीत पीसीची वेळ आणि सर्व्हरला नोंद पोचली ती वेळ, दोन्ही ठेवतो. रिक्वेस्टसोबत पीसीची चालू वेळही पाठवली की घड्याळ किती सरकलंय ते लगेच दिसतं (जाण्यायेण्यातला थोडा उशीर धरून), दोन मिनिटांच्या वर फरक असला की स्क्रीनवर लाल पट्टी.

आता प्रिसिजन, म्हणजे वेळ किती बारीक मोजलीय. प्रोग्रॅममध्ये वेळ बऱ्याचदा १ जानेवारी १९७० पासून मोजलेल्या एका आकड्यात असते. तो आकडा हातात आला की आधी अंक मोजा: आजच्या तारखेला १० अंक म्हणजे सेकंद, १३ मिलीसेकंद, १६ मायक्रो, १९ नॅनो. जावास्क्रिप्ट मिलीसेकंद देतं, पायथनचं टाइम डॉट टाइम सेकंद, पायथनचे सेकंद तसेच जावास्क्रिप्टमध्ये घातले की तारीख थेट १९७० च्या जानेवारीत. आणि १९ अंकी नॅनो जावास्क्रिप्टच्या साध्या नंबरमध्ये मावत नाही, शेवटचे अंक गुपचूप बदलतात, स्ट्रिंग किंवा बिगइंट (मोठ्या पूर्णांकांचा प्रकार) वापरा.

मायएसक्यूएल या डेटाबेसची गंमत वेगळीच. साधा डेटटाइम कॉलम अपूर्णांक ठेवत नाही, राउंड करतो, म्हणजे रात्री २३:५९:५९.७ ला तोललेली गाडी दुसऱ्या दिवसाच्या रिपोर्टात! मी यात एक अख्खा रविवार घालवला. कॉलमला ३ किंवा ६ अंकांची प्रिसिजन द्या, नाहीतर कोडमध्येच अपूर्णांक कापून मग सेव्ह करा, आणि मेमरीतली वेळ डेटाबेसमधल्याशी बरोबरच्या चिन्हानं तपासत बसू नका.

"मागच्या सिंकनंतरचं सगळं दे" अशी क्वेरी असेल तर मागच्या सिंकच्या पाच मिनिटं आधीपासूनचं घ्या, म्हणजे उशिरा पोचलेली नोंद सुटत नाही, डबल आलेल्या नोंदी आयडीवरून गाळा. एखाद्या कामाला किती वेळ लागला हे मोजायचं असेल तर मोनोटोनिक क्लॉक (कधीच मागं न जाणारं घड्याळ) वापरा, कारण साध्या घड्याळात एनटीपीनं मधेच घड्याळ मागं ओढलं तर उत्तर मायनस येतं.

सेव्ह यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) करा, दाखवताना साडेपाच तास मिळवा. आणि हो, सेल बदला, स्वस्तात मिळतो.