कर्नलमधल्या फंक्शनच्या नावांची शेपटं कशी छाटावीत

लिनक्स कर्नलचं प्रोफाइल, म्हणजे कोणत्या फंक्शनमध्ये किती वेळ गेला याची यादी, वाचताना एकच फंक्शन तीन-चार ओळींत विखुरलेलं दिसतं. एक साधं, बाकीच्यांच्या मागे कंपायलरने जोडलेली ‘.इस्रा.०’, ‘.कॉन्स्टप्रॉप.०’ किंवा ‘.कोल्ड’ अशी शेपटं. एकूण वेळ मोजायचा तर ही शेपटं काढावीच लागतात.

आधी रूट होऊन ‘/प्रॉक/कॅलसिम्स’ची, म्हणजे कर्नलमधली नावं आणि त्यांचे पत्ते देणाऱ्या फाइलची, प्रत काढा. रूट नसाल तर पत्त्यांच्या जागी सहसा शून्यं मिळतात. ‘टी’ (कोड) आणि ‘डब्ल्यू’ (वीक, म्हणजे दुसऱ्या व्याख्येने बदलता येणारं नाव) प्रकारच्या ओळीच ठेवा, अक्षर लहान असो वा मोठं. डेटाच्या नावांमागेही टिंब आणि आकडा असतो, पण ती बहुधा फंक्शनच्या आतली स्टॅटिक व्हेरिएबल्स. ती सोडून द्या.

आता छाटणी. पहिल्या टिंबापासून पुढचं सगळं उडवू नका. पॉवरपीसी प्रोसेसरच्या जुन्या एबीआयमध्ये (बायनरी पातळीवरच्या नियमांमध्ये) नावाची सुरुवातच टिंबाने होते, तिथे हाती काहीच उरणार नाही. ओळखीची शेपटंच घ्या: इस्रा, कॉन्स्टप्रॉप, पार्ट (फंक्शनचा फोडून वेगळा काढलेला तुकडा), कोल्ड आणि क्लँग कंपायलरच्या थिनएलटीओमधलं (लिंक करताना होणाऱ्या ऑप्टिमायझेशनमधलं) ‘.एलएलव्हीएम.’ व त्यामागचा लांब आकडा. नियम नावाच्या शेवटाला बांधा आणि काही निघेनासं होईपर्यंत फिरवा, कारण ‘.पार्ट.०.कोल्ड’ अशी जोडशेपटंही असतात. रस्ट भाषेतल्या कोडची नावं ‘_आर’ने सुरू होतात; ती छाटायची नसतात, रस्टफिल्ट या साधनातून उलगडायची असतात.

छाटलेलं नाव नेहमी वेगळ्या रकान्यात लिहा. मूळ नाव आणि पत्ता जसेच्या तसे राहू द्या. याबाबत मी हट्टी आहे, कारण शेपूट म्हणजे कचरा नव्हे, कंपायलरने काय केलं याची ती नोंद आहे. ‘इस्रा’ म्हणजे आर्ग्युमेंट्स बदलली: न वापरलेलं गाळलं, किंवा स्ट्रक्चरच्या पॉइंटरऐवजी आतलं मूल्यच पाठवलं. तिथे केप्रोब (चालू कर्नलमध्ये फंक्शनवर लावायचा तपासणीचा टेकू) लावून पहिल्या रजिस्टरमध्ये पॉइंटर आहे असं धरलंत, तर भलतंच वाचाल. ‘कॉन्स्टप्रॉप’मध्ये एखादं आर्ग्युमेंट स्थिर धरून वेगळी प्रत बनलेली असते. ‘कोल्ड’ हे तर स्वतंत्र फंक्शनच नाही, क्वचित लागणारा भाग दूर हलवलेला असतो. त्याला वेगळा कॉल म्हणून मोजू नका.

म्हणून बेरीज छाटलेल्या नावावर करा, प्रोब मूळ नावावर लावा. एकाच नावाची स्टॅटिक फंक्शन्स अनेक फाइल्समध्ये असतात, तेव्हा पत्ता वापरा.

एखाद्या फंक्शनची इस्रा, कॉन्स्टप्रॉप किंवा पार्ट अशी रूपं नकोच असतील, तर जीसीसी कंपायलरमध्ये फंक्शनला नुसतं ‘नोइनलाइन’ हे अ‍ॅट्रिब्यूट पुरत नाही. ‘नोआयपीए’ (फंक्शनांमधली परस्पर ऑप्टिमायझेशन बंद करणारं अ‍ॅट्रिब्यूट) लावा, तेही फक्त तपासणीच्या बिल्डमध्ये.