मीटिंगला जाऊनही दारू परत सुरू होते? या चुका टाळा

दारू सोडून दोन-चार महिने काढणारे कोल्हापुरात पुष्कळ आहेत. खरा कस लागतो तो व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आल्यावर, त्याच गल्लीत, त्याच मित्रांत. तिथे दारू सोडू पाहणाऱ्यांनीच चालवलेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, म्हणजे एएच्या, जवळच्या मीटिंगा माणसाला धरून ठेवतात. 2020 साली वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने 27 अभ्यास आणि 10,565 जणांची माहिती एकत्र तपासली. पद्धतशीरपणे एएशी जोडून दिलेल्यांपैकी वर्षभरानंतर 42 टक्के लोक दारूपासून पूर्ण लांब होते. इतर मान्य उपचार घेतलेल्यांत हे प्रमाण 35 टक्के होतं. यामागचं मोठं कारण संगत. पिणारी माणसं मागे पडतात आणि न पिणारी जवळ येतात. मीटिंगला जाऊनही जे परत पितात, त्यांचं बऱ्याचदा हेच राहून गेलेलं असतं.

सगळ्यात आधी एक धोक्याची गोष्ट. रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद करून थेट मीटिंग गाठू नये. शेवटच्या पेगनंतर 6 ते 48 तासांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भास, थरथर आणि ताप सुरू झाला तर जिवावर बेततं. आधी कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठा. कुठे जायचं कळत नसेल तर 14446 या मोफत राष्ट्रीय हेल्पलाइनवर विचारा.

सातला येणं, आठला चप्पल घालणं

ही चूक सगळ्यात जास्त होते. शेअरिंग ऐकलं, प्रार्थना झाली की गाडीला किक. मीटिंगचा निम्मा उपयोग तर आधीच्या आणि नंतरच्या वेळेत असतो. पंधरा मिनिटं लवकर या, खुर्च्या लावा, चहाचं बघा. संपल्यावर वीस मिनिटं थांबा आणि पहिल्याच आठवड्यात निदान पाच जणांचे नंबर घ्या. मग गरज असो-नसो, रोज एकाला फोन करा. ‘काय चाललंय, जेवलास का’ एवढंच बोलला तरी चालेल. ज्याच्याशी कधी बोललोच नाही, त्याला तलफ आल्यावर फोन लावायला जीभ उचलत नाही. सवय असली की पहिल्या पेगच्या आधी फोन होतो. तलफ बहुधा अर्ध्या तासात ओसरते, तेवढा वेळ समोरच्याशी बोलण्यात जातो.

चहाची किंवा खोलीच्या किल्लीची जबाबदारी मिळाली तर नाही म्हणू नका. किल्ली तुमच्याकडे असेल तर मन नसलं तरी जावंच लागतं.

‘ओळखीचं कुणी बघेल’ म्हणून शिवाजी पेठेतला माणूस सांगलीची मीटिंग धरतो. सुरुवातीला ठीक आहे. पण जून-जुलैच्या पावसात रात्री आठला सांगली गाठणं होत नाही आणि खाडा पडत जातो. जवळची एक मीटिंग पक्की धराच. तिथे ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही हा नियम सगळ्यांना सारखाच आहे, आणि ओळखीचं कुणी भेटलंच तर तेही त्याच कारणाने आलेलं असतं.

शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत शिफ्ट बदलते तसं मीटिंगचं गणितही बदलतं. दोन वेगळ्या वेळांचे समूह धरा आणि रविवारीच पुढच्या आठवड्याचे वार लिहून काढा. पाच नंबर कागदावरही ठेवा, ऑनलाइन मीटिंगची लिंक घेऊन ठेवा. 2019 आणि 2021 च्या पुरात रस्तेच बंद होते, हे विसरू नका.

रस्सा मंडळ आणि आखाड

आपल्याकडे तांबडा-पांढऱ्याच्या जेवणाला ‘बसणं’ जोडूनच येतं. आखाडात आणि गटारीला बोलावणी थांबत नाहीत. ‘मी नुसता जेवणार’ हा बेत पहिल्या वर्षी करूच नका. भावकीचा कार्यक्रम असेल, टळणारच नसेल, तर स्पॉन्सरला, म्हणजे एएत आपल्याला सांभाळून घेणाऱ्या जुन्या सदस्याला, आधी सांगा, घरून थोडं खाऊन जा, आपली गाडी न्या, पंगतीच्या वेळेलाच पोहोचा आणि हात धुतले की निघा. निघताना फोन करा. गटारीच्या संध्याकाळी मीटिंग असेल तर ती चुकवायची नाही.

स्पॉन्सर निवडताना बोलघेवडा माणूस शोधू नका. पुरुषाला पुरुष आणि बाईला बाई, निदान वर्षभर सोबर, एएच्या बारा पायऱ्यांच्या कार्यक्रमावर स्वतः काम केलेला, फोन उचलणारा. त्याच्याशी उसनवारी नको, भिशी नको. पैसे अडकले की माणूस मीटिंग टाळू लागतो.

मीटिंगमध्ये कुणी ‘मी गोळ्या बंद केल्या’ म्हणालं म्हणून आपल्या बंद करू नयेत. गोळ्यांचा निर्णय डॉक्टरांचा. घरच्यांनी तर डायसल्फिरामची (दारू सोडवण्यासाठी डॉक्टर देतात ती) गोळी आमटीत चुपचाप मिसळायचा विचारही करू नये. वरून दारू गेली की तोंड लाल होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळू शकतो. गोळी थांबवल्यावरही हा धोका 14 दिवसांपर्यंत राहतो. आणि एकदा कळलं की घरावरचा विश्वास उडतो. घरच्यांनी दाराशी उभं राहून ‘आज काय बोललास?’ विचारण्यापेक्षा स्वतःसाठी अल-अनॉनची, म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांच्या समूहाची, मीटिंग धरावी.

स्लिप झाल्यावर (परत प्यायल्यावर) गायब होणं

लाज वाटते, म्हणून आठवडा जातो, मग महिना. एएत यायला दारू सोडायची इच्छा पुरे, फी नाही, दंड नाही. प्यालेलं असलं तरी सहसा बसू देतात, फक्त बोलायला लावत नाहीत. स्लिप झाली त्याच दिवशी एका नंबरवर फोन करा आणि पुढच्या मीटिंगला सुरुवातीलाच सांगून टाका. शेवटपर्यंत थांबलात की धीर जातो. मग स्पॉन्सरबरोबर आधीचे तीन दिवस कागदावर मांडा: जेवण कधी चुकलं, राग कुणाचा आला, किती वेळ एकटे होतात, झोप किती झाली, कुठली मीटिंग सुटली. त्यातलं जे सापडेल त्यावर त्याच आठवड्यात एक बदल ठरवा आणि तो कोणाला रोज कळवायचा, त्याचं नाव शेजारी लिहा.