लॅपटॉप यूएसबी ओळखत नसेल, तर आधी हात कुठे घालावा

परभणी जिल्ह्यात जिनिंगच्या रस्त्यावर आमचं सेवा केंद्र आहे. एकदा पीएम किसानच्या ई-केवायसीला सकाळपासून रांग होती आणि लॅपटॉपने अंगठ्याचं मशीन ओळखणंच बंद केलं. मी ड्रायव्हर, म्हणजे मशीन चालवणारा प्रोग्राम, काढला, परत टाकला, त्यात तास-दीड तास गेला. माणसं रोजंदारी बुडवून बाहेर उन्हात उभी होती. शेवटी टॉर्च लावून पोर्टमध्ये पाहिलं, तर आत कापसाचे तंतू आणि काळ्या मातीची धूळ दाबून बसलेली. तेव्हापासून माझा क्रम पक्का आहे: आधी हाताला लागतं ते तपासायचं, सॉफ्टवेअर नंतर.

म्हणून पहिल्यांदा पोर्ट बदला. सेंटरवर यूएसबी हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारी डबी) वापरत असाल तर तो बाजूला काढून मशीन थेट लॅपटॉपला जोडा. पोर्टमध्ये कचरा दिसला तर लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा आणि कोरड्या लाकडी टूथपिकने हलक्या हाताने कचरा बाहेर ओढा. सुई किंवा टाचणी अजिबात घालू नका. आतल्या पट्ट्या नाजूक असतात, एक जरी वाकली तरी पोर्ट गेला.

मग केबल. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात, दोन विजेच्या आणि दोन डेटाच्या. काही स्वस्त केबलींमध्ये डेटाच्या तारा नसतातच. मोबाइल चार्ज होतो पण लॅपटॉपवर दिसत नाही, त्याचं एक कारण हे. केबल चांगली असेल तर मोबाइलची वरची पट्टी खाली ओढून ‘फाइल ट्रान्सफर’ निवडा. पुष्कळ मोबाइल जोडल्या जोडल्या फक्त चार्जिंगवरच असतात.

आता तीच वस्तू दुसऱ्या लॅपटॉपला लावून पाहा. शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलात तरी दोन मिनिटांचं काम. तिथेही चालली नाही, तर दोष वस्तूत किंवा केबलीत. तिथे चालली, तर आपला लॅपटॉप बघायचा.

लॅपटॉप ‘शट डाउन’ करून चालू केला म्हणजे झालं, असं समजू नका. विंडोज १० आणि ११ मध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शट डाउन अर्धवटच होतं. ‘रीस्टार्ट’ करा. बरेचदा तेवढ्यानेच काम होतं.

नाहीच झालं तर विंडोजचं बटण आणि एक्स एकत्र दाबून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा. पिवळ्या त्रिकोणाची किंवा ‘अननोन यूएसबी डिव्हाइस’ लिहिलेली ओळ शोधा, राइट क्लिक करून ‘अनइन्स्टॉल’ करा. केबल काढा, मिनिटभर थांबा, परत जोडा. फक्त तीच ओळ काढायची. शेजारचा ‘यूएसबी रूट हब’, म्हणजे लॅपटॉपचे पोर्ट ज्यावर चालतात ती ओळ, काढलात तर माउसही बंद पडू शकतो.

जोडलेली वस्तू थोडा वेळ चालून मधेच गायब होते का? मग त्याच यादीतल्या ‘यूएसबी रूट हब’च्या प्रॉपर्टीजमध्ये ‘पॉवर मॅनेजमेंट’ उघडा आणि वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगी देणारी खूण काढा.

अंगठ्याच्या मशीनचं एक वेगळं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ते दिसतं, तरी पोर्टलवर ‘नॉट रेडी’ येतं. तेव्हा बहुधा यूएसबीत दोष नसतो, आरडी सर्व्हिस, म्हणजे मशीन आणि पोर्टल यांना जोडणारा प्रोग्राम, थांबलेली असते. विंडोजच्या ‘सर्व्हिसेस’च्या यादीत जाऊन ती परत सुरू करा.

हार्ड डिस्कला वीज जास्त लागते. यूएसबी २.० चा पोर्ट ५०० मिलीअँपिअर देतो, ३.० चा ९००. ३.० चा पोर्ट बहुधा आतून निळा असतो, डिस्क त्यातच लावा. डिस्क फिरते पण ‘धिस पीसी’मध्ये दिसत नसेल, तर ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. तिथे ती ड्राइव्हच्या अक्षराविना (डी, ई असं) दिसली तर राइट क्लिक करून तिला मोकळं अक्षर द्या.

आणि पडद्यावर ‘फॉरमॅट करायचं का’ असं आलं, तर घाबरून ‘हो’ दाबू नका. मुलीच्या लग्नाचे फोटो असलेला पेन ड्राइव्ह एकाने असाच घरी फॉरमॅट करून माझ्याकडे आणला होता. ‘कॅन्सल’ करा आणि डेटा काढून देणाऱ्याकडे जा. हार्ड डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर तिला परत परत लावून पाहूच नका. लगेच काढून ठेवा, प्रत्येक वेळी ती फिरताना आतला डेटा आणखी खरवडला जाऊ शकतो.