वर्गणीआधी आरोग्यमित्राला भेटा

ओळखीत कुणाला कॅन्सर निघाला की मोहल्ल्यात लगेच वर्गणी सुरू होते. त्याआधी रेशन कार्ड आणि आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे सरकारी उपचार योजनेसाठी मदत करणाऱ्या माणसाला, गाठा. महात्मा फुले योजनेची (राज्य सरकारची मोफत उपचारांची योजना) मंजुरी उपचारांपूर्वी घ्यावी लागते. योजनेबाहेरच्या खर्चाचं लेखी अंदाजपत्रक मागा आणि पैसे दवाखान्याच्याच नावे, पेशंटचा नोंदणी क्रमांक टाकून, चेकनं भरा. रोख रकमेच्या हिशेबावरून नाती तुटतात.

भेटायला जाताना संत्र्यांची पिशवी नको. केमोनं तोंड आलं असेल तर एक फोडही झोंबते. मऊ, कमी तिखटाचा वरणभात न्या. सर्दी असेल तर जाऊच नका. पेशंटचा ताप १००.४ फॅरनहाइट झाला की मध्यरात्रीही थेट दवाखाना. केमोमुळे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी असताना संसर्ग काही तासांत जिवावर बेततो, म्हणून तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नका.