सायकलवरच्या कपड्यांच्या या चुका टाळा, आणि दुसऱ्यांची मापं काढणंही

रविवारी पहाटे नव्या लोकांना सोबत घेऊन खडकवासल्यापर्यंत जायचं, हा आमचा काही जणांचा कित्येक वर्षांचा नेम. वेग बेताचा, वाटेत एक चहा, धरणापाशी थोडा वेळ टेकायचं आणि परत. दोन वर्षांपूर्वी एकदा चाळिशीच्या एक ताई आल्या. मुलीची जुनी सायकल, अंगात सुती पंजाबी ड्रेस, पायात रोजच्या चपला. निघायच्या आधी आमच्यातल्या एकाने त्यांना सगळ्यांसमोर खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "ताई, पुढच्या वेळी जरा सायकलिंगचे कपडे घालून या." त्या नुसत्या हसल्या. जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर चालवलं, एकदाही मागे पडल्या नाहीत. पुढच्या रविवारी आल्या नाहीत आणि त्यानंतरही कधी नाहीत. मी शेजारीच उभी होते, तरी गप्प राहिले. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

घरी आल्यावर ग्रुपवरचे फोटो पाहत होते. त्यातल्या एका फोटोत ताई चढावर उभ्या राहून पेडल मारताहेत आणि ओढणीचं टोक मागच्या चाकापासून जेमतेम चार बोटांवर लोंबतंय. चाळीस किलोमीटरमध्ये हे आमच्यापैकी एकालाही दिसलं नव्हतं. ड्रेस मात्र सगळ्यांना दिसला होता.

म्हणून या लेखात क्रम तोच ठेवते जो त्या दिवशी चुकला. आधी कापड अडकण्यासारख्या जिवावर बेतणाऱ्या चुका, मग दुखवणाऱ्या, मग अंधार-पावसातल्या, आणि कसं दिसतो ते अगदी शेवटी.

लोंबणारं कापड

ओढणी, पदर, स्कार्फचं टोक, पँटची सैल मोहरी, बुटाची नाडी, कमरेला बांधलेलं जॅकेट. सायकलचे दोन भाग कापड ओढून घेतात, मागचं चाक आणि उजव्या बाजूची चेन. पूर्वीच्या लेडीज सायकलला मागच्या चाकावर जाळी आणि चेनवर पूर्ण कव्हर असायचं ते याचसाठी. आजच्या गिअरच्या सायकलींवर यातलं काहीच नसतं, त्यामुळे जे काम सायकल करायची ते आता आपल्या कपड्यांना करावं लागतं.

ओढणी सोडायची नसेल तर छातीवरून तिरकी घेऊन दोन्ही टोकं कमरेशी घट्ट खोचा, किंवा दोन्ही खांद्यांवर पिन लावून मागचा भाग कुडत्याच्या आत घ्या. त्याहून बरं म्हणजे घडी करून पिशवीत ठेवा आणि पोचल्यावर घ्या. गळ्याभोवती एकही वेढा नको. टोक चाकात गेलं तर तो वेढा आवळतो. तोंडाला स्कार्फ बांधायची सवय पुण्यात आपल्या सगळ्यांचीच आहे, त्यालाही हेच लागू. शिवाय कान पूर्ण झाकले तर मागून येणारी बस ऐकू येत नाही. कान मोकळे ठेवून बांधा आणि टोकं आत खोचा.

पँटची उजवी मोहरी मोज्यात खोचा किंवा रुंद रबर बँड लावा. आमचे आजोबा धोतराचा सोगा वर खोचून सायकलवर बसायचे आणि पायजम्याला लोखंडी क्लिप लावायचे. ती क्लिप आजही जुन्या सायकल दुकानांत मिळते आणि तिच्याइतकी सोपी वस्तू दुसरी नाही. नऊवारीचा कासोटा तर सायकलसाठी फारच सोयीचा. पाय मोकळे राहतात, फक्त पदर खोचला की झालं.

आणि कापड अडकलंच तर ओढू नका, थांबा. चेनमध्ये गेलं असेल तर पेडल हाताने उलटं फिरवा, कापड आलं त्याच वाटेने बाहेर निघतं. चाकात गुंडाळलं असेल तर सायकल मागे ढकला. ग्रीसचा डाग पडला तर गरम पाण्याच्या आधी भांड्यांचा लिक्विड साबण चोळून ठेवा.

पॅडेड शॉर्ट्स असूनही दुखतंय

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा, आणि तोही खालच्या आवाजात, बाजूला घेऊन. लाजण्यासारखं यात काही नाही.

पहिली चूक म्हणजे पॅडेड शॉर्ट्सच्या, म्हणजे बसायच्या जागी गादी शिवलेल्या तंग चड्डीच्या, आत अंतर्वस्त्र घालणं. दहातले बरेच जण हीच करतात, कारण दुकानदार सांगत नाही आणि आपण विचारत नाही. पॅडची चड्डी थेट अंगावर घालायची असते. आतल्या सुती कापडाच्या शिवणी नेमक्या जिथे बसतो तिथेच येतात, कापड घामाने ओलं होतं आणि तासाभरात मांडीच्या सांध्यात काचायला लागतं. ही एक गोष्ट बदलली आणि त्रास संपला, असं मला कितीतरी बायकांनी सांगितलंय.

दुसरी चूक, पॅड जितकं जाड तितकं चांगलं असं समजणं. जाड, मऊ पॅड आणि त्यावर पुन्हा जेलचं सीट कव्हर असलं की बसण्याची हाडं खाली रुततात आणि मधल्या नाजूक भागावर दाब येतो. पॅड घट्ट, दाट आणि अंगाला चिकटून बसणारं हवं. बायकांच्या आणि पुरुषांच्या पॅडचा आकार वेगळा असतो. नवऱ्याची जुनी शॉर्ट्स घालून "मला काही सायकल जमत नाही" म्हणणाऱ्या मैत्रिणी मी पाहिल्यात. पाळीच्या दिवसांत सॅनिटरी पॅडच्या कडा काचतात. ज्यांना चालतो त्यांच्यासाठी मेन्स्ट्रुअल कप सायकलवर खूप सोपा पडतो.

तिसरी चूक धुण्यातली. एकदा घातलेली शॉर्ट्स वाळवून पुन्हा घालायची नाही, प्रत्येक वेळी धुवायची. उलटी करून, साध्या पाण्यात, कमी साबणात. कपडे मऊ करणारं कंडिशनर नको, त्याने पॅडची घाम शोषायची ताकद जाते. पॅडवर इस्त्री नको. पावसाळ्यात तर दोन जोड असल्याशिवाय रोज चालवू नका. दमट शॉर्ट्स अंगावर चढवली की आठवड्यात गजकर्ण ठरलेलं, आणि ते जाता जात नाही.

सायकलवाले या पॅडला 'शॅमी' म्हणतात, कारण पूर्वी ते खरोखर मऊ चामड्याचं असायचं. धुतलं की चामडं कडक व्हायचं, म्हणून त्याला मलम चोळायची पद्धत पडली. आताची पॅड कृत्रिम कापडाची आहेत, त्यांना मलम लागत नाही. लांब पल्ल्याला त्वचेसाठी लावायचं तर जरूर लावा. खोबरेल तेलही तासा-दोन तासांपुरतं काम करतं.

आता निदान. बसायची दोन हाडं पहिले काही दिवस दुखली तर ते सवयीचं दुखणं, कमी होत जातं. मांडीच्या आतल्या बाजूला साल निघत असेल तर शिवण, माप किंवा आतलं अंतर्वस्त्र. एकाच बाजूला फोड येत असेल तर सीट बहुधा उंच आहे आणि पेडल खाली जाताना कंबर डावी-उजवी हलतेय. कुणाला तरी मागून चालत्या सायकलवर बघायला सांगा, लगेच कळतं. आणि बधिरपणा येत असेल तर तो कधीही अंगावर काढू नका. त्याला शॉर्ट्स जबाबदार नसते. सीटची उंची, तिच्या नाकाचा म्हणजे पुढच्या टोकाचा कल आणि रुंदी तपासा, तरी राहिला तर डॉक्टरांना दाखवा. महागडी शॉर्ट्स चुकीच्या सीटवर काहीही करू शकत नाही.

सुती टी-शर्ट कुठपर्यंत चालतो

ऑफिस पाच किलोमीटरवर असेल तर सुती शर्टात काही वाईट नाही, आणि त्यासाठी वेगळी जर्सी घ्या असं मी कुणालाही सांगणार नाही. तासाच्या पुढे मात्र फरक पडतो. सुती कापड घाम पितं आणि धरून ठेवतं. चढावर ते जड होतं एवढंच, खरा त्रास उतारावर. डिसेंबरात वाईहून पसरणी घाट चढून पाचगणीला गेलात, टी-शर्ट पिळण्याइतका भिजलाय, आणि तसेच वाऱ्यात खाली निघालात तर हात इतके गारठतात की ब्रेक नीट दाबले जात नाहीत. माथ्यावर कोरडा बनियन बदला आणि वर पातळ विंडचीटर घाला. तोही नसेल तर चहाच्या टपरीवरून शिळं वर्तमानपत्र घ्या आणि छातीवर, शर्टाच्या आत सरकवा. टूर द फ्रान्स या फ्रान्समधल्या मोठ्या सायकल शर्यतीतले जुने स्वार घाटमाथ्यावर हेच करायचे. कागद वारा अडवतो.

जर्सीचं पाठीमागचं लांब कापड आणि तीन खिसे यांना अर्थ आहे. वाकून बसल्यावर पाठ उघडी पडत नाही आणि मांड्या मोकळ्या राहतात. पण फडफडणाऱ्या शर्टाने वेग कमी होतो, ही चिंता ताशी पंधरा-अठराने चालवणाऱ्याने करू नये. ताशी तीसच्या पुढे गेलात की हवेचा विरोध खूप वाढतो, तेव्हा बघू.

काळ्यावर काळं

पहाटे साडेपाचला काळी जर्सी, काळी शॉर्ट्स, काळं हेल्मेट. फोटोत छान दिसतं, ट्रकवाल्याला दिसत नाही. इथे लोकांचा एक गोंधळ होतो. फ्लोरोसंट पिवळा किंवा पोपटी रंग उन्हात आणि ढगाळ दिवसात उठून दिसतो, कारण तो डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण घेऊन दिसणारा उजेड देतो. रात्री ते किरणच नसतात, त्यामुळे तो साध्या पिवळ्यासारखाच राहतो. अंधारात उपयोग रिफ्लेक्टिव्ह पट्टीचा, आणि ती सगळ्यात चांगली घोट्यांवर. वर-खाली होणारे दोन ठिपके दिसले की मागच्या गाडीवाल्याला लांबूनच कळतं की कुणीतरी पेडल मारतंय.

बीआरएमच्या राइडमध्ये, म्हणजे लांब पल्ला ठरलेल्या वेळेत पूर्ण करायचा, २०० किलोमीटर साडेतेरा तासांत वगैरे, रात्री रिफ्लेक्टिव्ह जॅकेट सक्तीचं असतं. तिथे कुणी त्याला हसत नाही. मग बोपदेव घाटात पहाटे एकट्याने जाताना ते घालायला लाज का वाटावी? सॅक पाठीला लावली की जॅकेटवरची पट्टी झाकली जाते, आणि लांब रेनकोट मागच्या लाल दिव्यावर येतो. निघण्याआधी कुणाला तरी दहा पावलं मागे उभं करून बघून घ्या.

पाऊस

पोंचो नको. वाऱ्यात तो शिडासारखा फुगतो आणि हँडलमध्ये अडकतो. जाड रेनकोट घालून घाट चढलात तर आतूनच भिजाल. आपल्याकडचा पाऊस गार असला तरी गोठवणारा नाही. भिजा, पण वारा अडवा, आणि कोरडे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. कोटाआधी मडगार्डवर खर्च करा, पाठीवरचा चिखलाचा पट्टा त्यानेच थांबतो, आणि मागून येणाऱ्याच्या तोंडावर उडणाराही. जीन्स पावसात अजिबात नको.

पाऊस असो वा नसो, हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं, मागे ढकललेलं नको, पट्टा हनुवटीखाली बसलेला. अंबाडा वर बांधला तर हेल्मेट बसत नाही, वेणी किंवा मानेशी खाली बांधा. पेडलला लॉक होणारे बूट घेतलेत तर आधी आठवडाभर भिंतीला धरून पाय सोडवायचा सराव करा, मग सिग्नलवर या.

मापं काढणं

शिंपी माप घेतो कपड्यासाठी, आपण मापं काढतो माणसाची. सायकलवर हे दोन्ही बाजूंनी चालतं. एकीकडे मोज्यांची उंची, शॉर्ट्सचा रंग, जर्सीवर कुठल्या टीमचं नाव, यावरून हा खरा सायकलस्वार की नाही ते ठरवणारे. हे नियम युरोपातल्या शर्यतींमधून आले. टूर द फ्रान्समध्ये सगळ्यात पुढे असलेल्या स्वाराला १९१९ पासून पिवळी जर्सी मिळते, म्हणून "न जिंकता ती घालू नये" असं काहींना वाटतं. आमच्याकडे एका बारा वर्षांच्या मुलाला यावरून टोकलं गेलं. मामाने वाढदिवसाला दिली होती ती.

दुसरीकडे सोसायटीच्या गेटवर तंग शॉर्ट्सकडे बघून हसणारे, आणि त्यातही बाई असली तर जास्तच. यावर मी दोन गोष्टी करते आणि सांगते. पॅडेड शॉर्ट्सवर सैल शॉर्ट्स किंवा दोन्ही बाजूंना कट असलेला गुडघ्याच्या वरचा कुडता घालता येतो. मागचं कापड सीटच्या नाकात अडकत नाही ना, एवढं पाहायचं. आणि वाटेत देऊळ किंवा कुणाचं घर असेल तर एक पातळ पँट खिशात ठेवायची. हे लोकांच्या भीतीने नाही, ज्याच्या दारात जातो त्याच्या मानाने.

हा त्रास जुना आहे. १८९८ मध्ये इंग्लंडातल्या सरे परगण्यात लेडी हार्बर्टन सायकलवरून एका हॉटेलात गेल्या. अंगात स्कर्टऐवजी घोळदार विजार होती, म्हणून त्यांना कॉफी रूममध्ये बसू दिलं नाही. प्रकरण कोर्टात गेलं आणि निकाल हॉटेलच्या बाजूने लागला. त्या तरी सरदार घराण्यातल्या होत्या. आपल्याकडे राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून सायकल मिळालेल्या आठवी ते बारावीच्या मुली गणवेशाच्या सलवार-कमीजवर, चपला घालून रोज शाळेत जातात-येतात, ऊन-पाऊस न बघता. त्यांना कुणी सायकलस्वार म्हणत नाही. दूधवाल्यालाही नाही.

नव्या माणसाला कपड्यांबद्दल काही सांगायचंच असेल तर एकटं गाठून सांगा, निघायच्या आधी, आणि शक्यतो वस्तू हातात घेऊन. माझ्या सीटखालच्या पिशवीत आता चार सेफ्टी पिना, दोन रुंद रबर बँड आणि एक घोट्याची पट्टी कायम असते. "हे लावू का?" एवढं विचारलं तरी पुरतं. पॅड, जर्सी, बूट यांचं त्याने विचारल्यावर बोला. पण ओढणी चाकाजवळ दिसली, तर मात्र लगेच आणि मोठ्याने हाक मारा.