मोठा किंवा लपून बसणारा मासा टाकीतून कसा काढावा, कसा न्यावा

फूटभर ऑस्कर, दीड-दोन फुटांची अरोवाना किंवा लाकडामागून दिवसभर तोंड न दाखवणारा, काचेला चिकटून राहणारा सकर मासा हलवायचा म्हटलं की घरातले सगळे जाळी घेऊन टाकीभोवती जमतात. पाठलाग होतो, मासा काचेवर आपटतो, खवले निघतात आणि हाती लागेपर्यंत त्याचा दम संपलेला असतो. दोन-तीन दिवसांनी अंगावर कापसासारखी बुरशी धरली की दोष प्रवासाला दिला जातो. नुकसान मात्र पाठलागातच झालेलं असतं. म्हणून सगळी तयारी दोन गोष्टींसाठी करायची: माशाला पळायला जागा ठेवायची नाही आणि त्याला पाण्याबाहेर काढायचं नाही.

आधीचे दोन दिवस

मोठ्या माशाला ४८ तास आणि लहानाला २४ तास खाऊ देऊ नका. भरल्या पोटी मासा पिशवीत घाण करतो आणि तेवढ्याशा पाण्यात अमोनिया झपाट्यानं वाढतो. उपाशी ठेवणं जिवावर येतं, पण निरोगी मोठ्या माशाला दोन दिवसांनी काहीही होत नाही.

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे हलवायचा दिवस पाण्याच्या पाळीवर ठरवा. पाळीला पाणी भरून ठेवा, क्लोरीन घालवायला त्यात हायपो किंवा अँटी-क्लोरीन टाका, एअर स्टोन (पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) चालू ठेवा आणि मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मासा हलवा. नव्या घरी बोअरचं पाणी असेल तर दोन्हीकडचा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) मोजून घ्या. नळाच्या पाण्यातला मासा एकदम जड बोअरच्या पाण्यात गेला की त्याला धक्का बसतो. फरक मोठा असेल तर दोन्ही पाणी मिसळून नवी टाकी भरा.

एप्रिल-मेमध्ये हे काम पहाटे उरका. पाणी २५ अंशांना असेल तर लिटरमागे साधारण ८.२ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३२ अंशांना ७.३ च्या आसपास. आकडा थोडाच उतरतो, पण गरम पाण्यात माशाची ऑक्सिजनची गरज बरीच वाढलेली असते. त्यात धावपळ झाली तर दुपारच्या वेळी मासा सावरत नाही.

पकडताना

१. हीटर बंद करून पंधरा-वीस मिनिटं थांबा, मगच पाणी काढायला घ्या. गरम हीटर उघडा पडला की त्याची काच तडकते. फिल्टरही बंद करा, एअर स्टोन मात्र चालू राहू द्या.

२. टाकीतलं स्वच्छ पाणी आधी प्रवासाच्या बादलीत किंवा पिशवीत भरून घ्या. नंतर तळ ढवळला की ते गढूळ होतं.

३. दगड, लाकूड, झाडं एकेक करून बाहेर काढा. सकर लाकडाला चिकटला असेल तर त्याला ओढू नका. टब पाण्याखाली धरा आणि लाकडासकट मासा त्यात घ्या.

४. पाणी माशाच्या पाठीवर चार-पाच बोटं राहील इतकं उतरवा. खोलीतला दिवा मंद करा. अंधारात बहुतेक मासे शांत होतात.

५. डाव्या हातात मोठा पारदर्शक डबा पाण्यात आडवा धरा, उजव्या हातात जाळी. जाळीनं मासा धरायचा नाही, फक्त त्याला डब्याकडे वळवायचं. जाळी दिसली की मासा बिथरतो, पारदर्शक डबा त्याच्या लक्षातही येत नाही. तो आत शिरला की डबा उभा करून पाण्यासकट उचला.

अरोवानासाठी डबा पुरत नाही. तिथे जाड प्लास्टिकची पिशवी लागते, माशाच्या दुप्पट लांबीची, आणि दोन माणसं. पिशवीतली हवा काढून ती पाण्याखाली आडवी उघडा. एकानं तोंड उघडं धरायचं, दुसऱ्यानं शेपटीकडून तळहात हळू पुढे आणायचा. मासा डोक्याकडून आत गेला की तोंड मुठीत आवळा आणि खालून दोन्ही हातांचा आधार देत पिशवी आडवीच उचला. वरून धरून लटकवलेल्या पिशवीत मासा दुमडतो आणि पाठीला इजा होते. टाकीवरचं झाकण शेवटपर्यंत अर्धं तरी ठेवा, कारण अरोवाना उडी मारते ती नेमकी अशा वेळी.

सकर आणि इतर कॅटफिशचे पर काटेरी असतात, ते जाळीत अडकून कुलूप लागल्यासारखे ताठ उभे राहतात. ओढलं तर पर मुळापासून फाटतो. असा मासा अडकलाच तर त्याला पाण्यात ठेवून छोट्या कात्रीनं जाळीचे धागे कापा. जाळी पुन्हा विकत मिळते. हातात धरावंच लागलं तर हात आधी ओले करा. सुती किंवा टर्किश टॉवेल अजिबात वापरू नका. त्याच्या फासांनी अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि रोगाला वाट तिथेच मिळते.

न दिसणारे मासे

कुहली लोच, नाइफफिश अशा माशांसाठी पाणी उपसण्याआधी एक उपाय करून पाहावा, आणि आमच्या मते तो सर्वांत चांगला आहे. दोन इंची पीव्हीसी पाइपाचा तुकडा, माशापेक्षा थोडा लांब, कडा घासून टाकीत तीन-चार दिवस ठेवून द्या. मासा त्यालाच घर मानतो. हलवायच्या दिवशी दोन्ही टोकांवर तळहात ठेवून पाइप उचलला की काम झालं.

लहान माशांसाठी दोन लिटरच्या बाटलीचा वरचा भाग कापून उलटा आत बसवा, कडांना टेप लावा, बाजूंना छिद्रं पाडा, आत बुडणारे दोन-चार दाणे टाका आणि दिवे मालवल्यावर तळाशी ठेवा. तासा-दीड तासानं बघा. रात्रभर ठेवू नका, आतल्या माशांना ऑक्सिजन कमी पडतो.

नेताना

गावातल्या गावात, समजा जुळे सोलापुरातून होटगी रोडला न्यायचं असेल, तर झाकणाची २० लिटरची नवी बादली पुरते. रंगाची रिकामी बादली चालणार नाही. अर्धी बादली पाणी, झाकणाला छिद्रं आणि बॅटरीवर चालणारा एअर पंप. रिक्षात बादली सीटवर न ठेवता पायांमध्ये धरा, म्हणजे गतिरोधकांवर हिंदकळत नाही. काटेरी माशांनाही बादलीच बरी, पिशवी ते फाडतात.

पुण्यापर्यंतच्या चार-पाच तासांच्या प्रवासाला दुहेरी पिशवी घ्या, एक भाग पाणी आणि दोन भाग ऑक्सिजन. तो शोभेच्या माशांच्या दुकानात भरून मिळतो. पिशवीचे खालचे दोन्ही कोपरे रबर बँडनं बांधा, नाहीतर मासा तिथे अडकतो. गुरामीसारख्या वर येऊन हवा घेणाऱ्या माशांना शुद्ध ऑक्सिजन नको, साधी हवा भरा. पिशवी थर्माकोलच्या खोक्यात ठेवून वर सोलापुरी चादर टाकली की अंधारही मिळतो आणि उन्हाची झळही लागत नाही.

फिल्टरमधला स्पंज टाकीच्याच पाण्यात बुडवून सोबत न्या. नळाखाली धुतला तर त्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि नवी टाकी पहिल्या आठवड्यातच अमोनियानं भरते. रिकामी टाकी शेवटी उचला. ४ × १.५ × १.५ फुटांच्या टाकीत सुमारे २५५ लिटर पाणी मावतं, म्हणजे तितकेच किलो. पाण्यासकट हलवली तर जोड सुटतात.

सोडताना

प्रवास तासाभराचा असेल तर बादलीत दर पाच-दहा मिनिटांनी नव्या टाकीचं कपभर पाणी घालत अर्धा-पाऊण तास घ्या. लांबच्या प्रवासात हा रिवाज उलटतो. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साचून पाण्याचा पीएच उतरलेला, म्हणजे पाणी आम्लाकडे झुकलेलं असतं, त्यामुळे अमोनिया फारसा बाधत नाही. पिशवी उघडताच वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून बंद पिशवी वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवा, तापमान जुळलं की उघडा आणि मासा लगेच टाकीत घ्या. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका.

टाकीला मासा फार मोठा झाला म्हणून त्याला सिद्धेश्वर तलावात किंवा हिप्परग्याच्या तलावात सोडून येणं कधीही करू नका. परदेशी सकर एकदा तलावात वाढला की स्थानिक मासळीला आणि मच्छीमारांच्या जाळ्यांना त्रास होतो. दुकानदार किंवा ज्यांच्याकडे मोठी टाकी आहे असे हौशी लोक तो घेतात.

पहिला दिवस दिवा बंद, खाणं बंद, झाकणावर वजन. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या निम्मं खाऊ. पहिला आठवडाभर एक दिवसाआड अमोनिया तपासा आणि थोडा जरी दिसला तरी पाव टाकी पाणी बदला.